म्यू कपोत शोधायचा तर मृगापासून निघा

मृगाच्या त्रिकांडाखाली, म्हणजे ओळीतल्या तीन ताऱ्यांखाली, जो धुरकट ठिपका दिसतो, तो मृगातला तेजोमेघ. म्यू कपोत शोधायला मी दर वेळी तिथूनच निघते, कारण हा तारा जन्मला त्याच परिसरात. आज तो तिथून 27 अंश दक्षिणेला, कपोत तारकासमूहात आहे. ब्लाउ आणि मॉर्गन या खगोलशास्त्रज्ञांनी 1954 साली दाखवून दिलं, की म्यू कपोत आणि सारथीतला एई ऑरिगा हे दोन तारे मृगापासून एकमेकांच्या उलट दिशांना, सेकंदाला 100 किलोमीटरहून जास्त वेगाने दूर चाललेत. सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या दोन जोड्या एकमेकींच्या फार जवळ आल्या आणि त्या ओढाताणीत हे दोघे बाहेर फेकले गेले, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे तारा ज्या अंगाला गेला, त्याच अंगाला आपली नजर न्यायची.

जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्री नऊच्या सुमारास तो आकाशात सर्वांत उंच असतो. तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला असाल तर 90 मधून 32 आणि तुमचा अक्षांश वजा करा. उरेल तितके अंश तो दक्षिण क्षितिजाच्या वर दिसेल. 20 अक्षांशावर 38 अंश. चंद्र नसलेली रात्र निवडा आणि निदान वीस मिनिटं मोबाइलकडे बघू नका. ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचं माप, 5.15 आहे; हा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. एवढासा प्रकाश हरवायला मोबाइलचा एक झोतही पुरतो.

हात लांब करून वळलेली मूठ साधारण 10 अंशांची. तेजोमेघापासून सव्वा मूठ खाली या: शशक तारकासमूहातला आर्नेब हा तारा. त्याच रेषेत आणखी दीड मूठ खाली, किंचित पूर्वेला: फाक्त, म्हणजे अल्फा कपोत. दोघंही ठळक आहेत, चुकणार नाहीत.

चुकतं ते यापुढे. फाक्तच्या जवळपास सरळ पूर्वेला, तीन अंशांवर, लॅम्डा कपोत आहे. तो म्यूपेक्षा थोडा तेजस्वी, त्यामुळे डोळा आधी त्याच्यावर जातो. मी दोन हिवाळे त्यालाच म्यू समजून वहीत नोंदी केल्या, त्या सगळ्या नंतर खोडाव्या लागल्या. म्यू आहे फाक्तच्या ईशान्येला, दोन अंशांच्या थोडा पुढे. फाक्त, म्यू आणि लॅम्डा यांचा छोटा त्रिकोण होतो आणि त्याचं उत्तरेकडचं टोक म्हणजे म्यू. हा त्रिकोण जुळल्याशिवाय नोंद करू नका.

नुसत्या डोळ्यांनी बघताना ताऱ्यावर नजर रोखू नका, रोखली की तो विझतो. नजर फाक्तवर ठेवा आणि लक्ष म्यूच्या जागेकडे. मला तो आधी क्षणभर दिसतो, जातो, पुन्हा येतो. तिसऱ्यांदा त्याच जागी आला की मी तो दिसला असं मानते.

रंगासाठी मात्र द्विनेत्री दुर्बीण हवी, कारण इतक्या मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाही. 7×50 ची, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी आणि 50 मिलिमीटर भिंगांची, पुरते. कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवा, म्हणजे तारा थरथरणार नाही. म्यूच्या दक्षिणेला, साडेतीन अंशांच्या थोडा पुढे, बीटा कपोत आहे, नारिंगी. दोघांना एकाच दृश्यक्षेत्रात घ्या आणि फोकस जरासा बिघडवा. ठिपक्यांच्या चकत्या होतात आणि बीटाच्या पिवळट चकतीशेजारी म्यूची चकती निळसर पांढरी दिसते. ताऱ्यांचे तापमानानुसार वर्ग पाडतात, त्यांत तो O9.5 या अतितप्त वर्गाचा आहे, पृष्ठभागाचं तापमान सुमारे 33,000 केल्विन. सूर्याचं 5,800 च्या आसपास. एवढा तप्त असूनही तो अजून गाभ्यातला हायड्रोजनच जाळतो आहे, मुख्य क्रमावरचाच तारा. हा फरक पहिल्यांदा दिसला तेव्हा मी द्विनेत्री खाली ठेवली नाही, हात भरून आले तरी.

नोंदीत तारीख, वेळ आणि क्षितिजापासूनची उंची लिहा. तो 20 अंशांच्या खाली असताना रंगाची नोंद करू नका. तिथली जाड हवा निळा रंग खाऊन टाकते.