जिल्हा परिषदेचा निकाल कसा वाचावा

निकालाच्या दिवशी सकाळी दहालाच भोरहून काकांचा फोन: "आपला माणूस आठशेनं पुढं!" गटात की गणात, असं विचारलं की काका गप्प.

म्हणून आधी आपला गट आणि गण शोधून काढा. तुमचं नाव पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत असेल, तर हे मतदान तुम्हाला नसतंच. मग गावाकडचा गट बघा. एका गटात दोन गण. गटातून जिल्हा परिषदेचा सदस्य येतो, गणातून पंचायत समितीचा. एकाच केंद्रात मतं दोन द्यायची असतात, आणि लोक ती वेगवेगळ्या पक्षांनाही देतात. म्हणून गटाचा आकडा गणाला लावू नका.

मोजणी तालुक्याच्या ठिकाणी, फेऱ्याफेऱ्यांनी होते. जुनी वही घ्या, चार रकाने आखा: फेरी, कोणती गावं, आपला, समोरचा. गावांचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी भरत नाही. पहिल्या फेरीत उमेदवाराचं स्वतःचंच गाव निघालं असेल, तर आठशेचं लीड म्हणजे काहीच नाही. समोरच्याचं गाव अजून पेटीत आहे ना? मग गुलाल थांबवा. गेल्या खेपेला आमच्या ग्रुपवर दुपारीच हार घातलेले फोटो फिरले, आणि शेवटच्या फेरीत माणूस पडला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं जाहीर केलं की मगच निकाल.

आता जिल्ह्याचं गणित. आधी एकूण जागा लिहा, कारण गटरचनेत त्या बदलतात. 2017 साली पुणे जिल्हा परिषदेत 75 जागा होत्या, म्हणजे बहुमताला 38. राष्ट्रवादीला 44 मिळाल्या, विषय संपला. पंचायत समितीचा हिशेब मात्र तालुकानिहाय, वेगळ्या पानावर.

बहुमत कळलं तरी वही मिटू नका. अध्यक्ष थेट लोकांतून निवडला जात नाही, सदस्य आपल्यातून निवडतात, अडीच वर्षांसाठी, आणि पदाचं आरक्षण सोडतीनं ठरतं. पद एखाद्या प्रवर्गातल्या महिलेसाठी राखीव असेल, तर तशी महिला कोणत्या पक्षाकडून निवडून आलीय ते आधी बघा. आकडा अगदी काठावर असेल, तर अपक्षांच्या नावांखाली रेघ ओढा. ते एकदम 'सहलीला' निघाले, तर कुणाच्या गाडीत बसले तेही त्याच वहीत टिपून ठेवा.