गेमचा व्हिडिओ ब्लर येतोय? सेटिंग बदलायच्या आधी ब्लर कुठं घुसतोय ते बघा

सांगली मिरजेकडं आता बरीच पोरं गेमप्ले रेकॉर्ड करायला लागल्यात, काहीजण रोज रात्री लाईव्ह पण येत्यात, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, स्क्रीनवर गेम एकदम क्लिअर आणि व्हिडिओत नुसती घाण. मग कोणतरी सांगतं ग्राफिक कार्ड बदल. थांबा राव, पैसे खिशात ठेवा. दहातल्या नऊ वेळा दोन चार सेटिंगमध्येच काम होतं, फक्त ब्लर नेमका कुठनं येतोय ते आधी कळायला पायजे, नायतर दिसंल तो आकडा बदलत बसायचं आणि शेवटी पहिलं काय होतं ते पण आठवत नाय.

खाली जे सांगतोय ते ओबीएस (स्क्रीन रेकॉर्ड आणि लाईव्ह करायचं सॉफ्टवेअर) धरून सांगतोय कारण फुकट आहे आणि सगळे तेच वापरतात.

आधी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करा. पहिली पंधरा वीस सेकंद एका जागी उभं राहा, माऊसला हात लावू नका. मग पळा, गाडी हाणा, गवतातनं जावा, गरागरा फिरा. ती फाईल त्याच कॉम्प्युटरवर फुल स्क्रीन करून बघा. मित्राला व्हॉट्सॲपवर टाकून "कसा दिसतोय रे" असं विचारू नका, व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून बारका करतं त्यामुळं तिथं चांगला व्हिडिओ पण खराबच दिसणार (पाठवायचाच असंल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा).

आता बघा. उभं असताना सुद्धा अक्षरं पुसट, मिनिमॅप पुसट असंल तर गडबड साईजची आहे, म्हणजे स्केलिंगची. उभं असताना कडक आणि पळायला लागलं की चौकोन चौकोन, गवताचा नुसता हिरवा लगदा, तर बिटरेट (सेकंदाला व्हिडिओला मिळणारा डेटा) कमी पडतोय. आणि फाईल उभं असताना आणि पळताना दोन्ही वेळा झकास पण लाईव्हलाच ब्लर असंल तर नेट नायतर स्ट्रीमचा बिटरेट. या तिघांचे उपाय वेगळे आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाय.

एक फसवणूक आधीच सांगतो, ओबीएसच्या खिडकीत जो प्रिव्ह्यू दिसतो तो खिडकीच्या मापात बारीक केलेला असतो, त्यामुळं तिथं अक्षरं तुटकी दिसली म्हणून घाबरू नका, फाईल बघूनच ठरवायचं.

स्केलिंगचं काम सोपंय. सेटिंग्ज, मग व्हिडिओ. तिथं बेस कॅनव्हास म्हणजे तुमच्या मॉनिटरचं जे खरं रिझोल्यूशन (आडवे बाय उभे पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके) आहे तेच ठेवायचं, आणि आउटपुट त्याच्याएवढं किंवा त्याच्यापेक्षा कमी. १३६६ बाय ७६८ चा लॅपटॉप आणि आउटपुट १०८०पी (१९२० बाय १०८०) ठेवलं तर कॉम्प्युटर नसलेले पिक्सेल कुठनं आणणार, ताणूनच दाखवणार. अशा लॅपटॉपवर सरळ १२८० बाय ७२० करा आणि खाली डाउनस्केल फिल्टर बायलिनिअर असंल तर लँक्झोस करा, बारीक अक्षरात लगेच फरक दिसतो. मग सोर्सवर (ओबीएसमध्ये जोडलेल्या गेमवर) राईट क्लिक करून ट्रान्सफॉर्म मध्ये रिसेट ट्रान्सफॉर्म मारा. गेम कॅनव्हासच्या मापाचा असंल तर तो बरोबर बसतो, आणि बारका होऊन कोपऱ्यात गेला तर समजायचं गेमच कमी रिझोल्यूशनवर चाललाय आणि इतके दिवस तुम्ही तो ओढून मोठा केला होता. गेमच्या सेटिंगमध्ये रेंडर स्केल (गेम आतनं किती टक्के मापात चित्र काढतो ते) १०० च्या खाली आहे का ते पण बघा आणि मोशन ब्लर बंदच करून टाका, ते खेळताना भारी वाटतं पण रेकॉर्डिंगला मारतं.

आता बिटरेट, खरी गोम इथंच आहे. बिटरेट म्हणजे एका सेकंदाच्या व्हिडिओला किती डेटा मिळणार ते. एका मोटरच्या पाण्यात दोन एकर ऊस भिजतो, त्याच पाण्यात पाच एकर भिजवायला गेलं की शेवटच्या सरीला काय पोचत नाय. १०८०पी ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) म्हणजे सेकंदाला साधारण १२.४ कोटी पिक्सेल, ७२०पी ६० म्हणजे साडेपाच कोटी. दोन्हीला ६००० केबीपीएसच (म्हणजे ६ एमबीपीएस, सेकंदाला ६ मेगाबिट) दिला तर ७२०पी च्या प्रत्येक पिक्सेलला सव्वादोन पट डेटा मिळतो. म्हणून नेट कमी असताना ७२०पी चा व्हिडिओ १०८०पी पेक्षा स्वच्छ दिसतो, हे पोरांना पटत नाय, १०८० लिहिलेलं पायजेच असतं. त्यात गेम कुठला ते पण बघायला लागतं. व्हॅलोरंटच्या सपाट भिंती कमी डेटात भागतात, पण पबजीतलं गवत, जीटीएतला पाऊस, माइनक्राफ्टची झाडं हे सगळं दर फ्रेमला बदलतं, तिथं एन्कोडरचा (चित्र दाबून व्हिडिओ बनवणाऱ्याचा) जीव जातो.

नुसतं रेकॉर्डिंग करणार असाल तर बिटरेटचा हिशोबच सोडून द्या. सिंपल मोडमध्ये रेकॉर्डिंग क्वालिटी "सेम ॲज स्ट्रीम" असती, म्हणजे स्ट्रीमला ठेवलेल्या कमी बिटरेटवरच तुमची फाईल बनती, आणि निम्म्या लोकांचा ब्लर इथंच असतो. ते बदलून हाय क्वालिटी करा. ॲडव्हान्स्ड मोड वापरत असाल तर रेट कंट्रोल सीक्यूपी (बिटरेटऐवजी क्वालिटी धरून चालणारा) आणि आकडा २० च्या आसपास, आकडा जेवढा कमी तेवढी क्वालिटी जास्त आणि फाईल मोठी, १५ च्या खाली जाऊन डोळ्याला फरक कळत नाय फक्त डिस्क भरती. अंदाज म्हणून सांगतो, ४० एमबीपीएस पडला तर तासाला १८ जीबी.

एनव्हिडियाचं कार्ड असंल तर एन्कोडर एनव्हीएन्क (कार्डातलाच हार्डवेअर एन्कोडर) घ्या, एएमडी आणि इंटेलला पण त्यांचा त्यांचा हार्डवेअर एन्कोडर आहे, लिस्टमध्ये दिसतोच. एनव्हिडियाचं साधं जीटीएक्स १६५० कार्ड आपल्याकडं लय जणांकडं आहे, त्यातल्या बहुतेकांत एन्कोडर मागच्या पिढीचा आहे, १६५० सुपर किंवा १६६० सारखा नाय, म्हणून त्याला थोडा जास्त बिटरेट द्यायचा. आणि एक्स२६४ (प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर) वापरून प्रोसेसर झेपंना म्हणून प्रीसेट अल्ट्राफास्ट केला असंल तर तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र आणखी खराब येतं, त्यापेक्षा एफपीएस ३० करा आणि व्हेरीफास्टवर राहा.

फॉरमॅट एमकेव्हीच ठेवा, त्याचा ब्लरशी संबंध नाय पण लाईटशी आहे. मधीच लाईट गेली तर साधी एमपी४ फाईल बहुतेक वेळा उघडतच नाय, एमकेव्ही तिथपर्यंतची वाचती. नंतर फाईल मेनूतनं रिमक्स (व्हिडिओ तोच, फक्त फाईलचा प्रकार बदलणं) केलं की एमपी४ मिळती, क्वालिटी तीच.

लाईव्हवाल्यांनी स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड बघून खूश व्हायचं नाय, अपलोड बघायचा. आणि तो दुपारी चार वाजता नाय तर ज्या टायमाला लाईव्ह येताय त्याच टायमाला बघायचा, रात्री नऊला अख्खी गल्ली नेटवर असती. जेवढा अपलोड येईल त्याच्या ७० टक्क्याच्या पुढं बिटरेट ठेवू नका. ट्विचला ६००० केबीपीएसपर्यंत धरा, यूट्यूबचा स्वतःचा सल्ला ७२०पी ६० ला ६ आणि १०८०पी ६० ला १२ एमबीपीएस असा आहे. रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट एकसारखा), कीफ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर २ सेकंदाला. वायफायच्या जागी दोनशे रुपयाची लॅन वायर टाका, स्लॅबमधनं आलेल्या वायफायवर स्ट्रीम करणं म्हणजे नशिबाचा खेळ. ओबीएसच्या ॲडव्हान्स्डमध्ये बिटरेट आपोआप कमी जास्त करायचं एक ऑप्शन आहे, ते चालू असंल तर नेट ढेपाळलं की व्हिडिओ अटकत नाय पण ब्लर होतो, त्यामुळं अधनंमधनं ब्लर येत असंल तर आधी तिथं बघा. व्हिडिओ अटकत असंल तर तो वेगळा आजार, त्याला स्टॅट्स उघडून ड्रॉप्ड फ्रेम बघायच्या.

एवढं करून फाईल कडक आणि यूट्यूबवर टाकल्यावरच ब्लर? टाकल्या टाकल्या बघू नका, आधी कमी क्वालिटीचं व्हर्जन तयार होतं, एचडी नंतर येतं. तरी पण समाधान नसंल तर एडिट करताना १४४०पी ला एक्सपोर्ट करून टाका. मूळ गेम १०८०पी चा असला तरी चालतंय, कारण १४४०पी ला यूट्यूब सहसा व्हीपी९ कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) आणि जास्त बिटरेट देतं, बारक्या चॅनेलच्या १०८०पी ला बऱ्याचदा जुना एव्हीसी मिळतो. व्हिडिओवर राईट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा, कोडेकच्या ओळीत व्हीपी०९ दिसतंय की एव्हीसी१ ते लगेच कळतं. आणि कमेंटमध्ये कोणी "ब्लर आहे भावा" लिहिलं तर सेटिंगला हात लावायच्या आधी त्याला विचारा तुझ्या मोबाईलवर क्वालिटी ऑटो आहे का, निम्मी जनता ३६०पी वरच बघत असती.