पिनकोडचे मूळ अवयव कसे पाडायचे?

मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या सरावाला पिनकोडसारखी दुसरी संख्या नाही. नागपूरकराला ४४० ने सुरू होणारा एक तरी पिनकोड पाठ असतोच. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाले ते पत्रांची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. त्यामुळे क्रमिक पुस्तकातल्या उदाहरणांसारखे त्यांचे अवयव कोणी आधीच सोयीचे करून ठेवलेले नाहीत. आपण प्रतापनगर-त्रिमूर्तीनगरकडचा ४४००२२ घेऊ. कागद-पेन पुरे.

पायरी १: शेवटचा अंक पाहा. सम आहे, म्हणून २ ने भागा. आले २२००११. आता शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ दोन्ही संपले.

पायरी २: अंकांची बेरीज करा. २+२+०+०+१+१ = ६. ३ ने भाग जाईल, ९ ने नाही. आले ७३३३७.

पायरी ३: ७, ११ आणि १३ एकाच फटक्यात तपासा. ही पायरी मला सगळ्यांत आवडते. ७ × ११ × १३ = १००१. मूळ पिनकोडचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करा, ४४० आणि ०२२, आणि वजाबाकी करा: ४१८. या तिघांपैकी ज्याने ४१८ ला भाग जातो, त्यानेच ४४००२२ लाही जातो, कारण ४४००२२ = ४४० × १००१ − ४१८. आता ४१८ = ११ × ३८; ७ ने भागल्यास बाकी ५, १३ ने भागल्यास २. म्हणून फक्त ११. ७३३३७ ÷ ११ = ६६६७.

४४० लाच ११ ने भाग जातो, हे नागपूरकरांचं नशीब. शेवटचे तीन अंक ०११, ०२२, ०३३ असे असतील तरच ११ चालतो. बाकीच्यांनी तो सोडून द्यावा.

पायरी ४: आता खरी मेहनत. ८२ चा वर्ग ६७२४, म्हणजे ६६६७ हून जास्त. ६६६७ चे दोन अवयव पडत असतील तर दोन्ही ८२ किंवा त्याहून मोठे असू शकत नाहीत. म्हणून १७ पासून ७९ पर्यंतच्या मूळ संख्याच तपासायच्या. ३१ आणि ४३ हुलकावणी देतात, दोघांचीही बाकी २. ५९ ने मात्र निःशेष भाग जातो: ५९ × ११३. ११३ मूळ आहे, काम झालं.

४४००२२ = २ × ३ × ११ × ५९ × ११३

पायरी ५: विभाजक मोजा. पाचही अवयव एकेकदाच आलेत; प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २ चा पाचवा घात, ३२ विभाजक. त्यांची बेरीज ३ × ४ × १२ × ६० × ११४ = ९८४९६०. त्यातून ४४००२२ वजा केले तरी ५४४९३८ उरतात, खुद्द ४४००२२ पेक्षा जास्तच! अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात.

हात बसला की सिव्हिल लाइन्सच्या जीपीओचा ४४०००१ घ्या, पण सवड काढून. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने लगेच भाग जातो. देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी अशा संख्यांना, म्हणजे ज्यांना स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो त्यांना, हर्षद हे नाव दिलं. हर्ष मात्र तिथेच संपतो. उरलेल्या ४८८८९ साठी १७ ते २११ मधल्या ४१ मूळ संख्या तपासाव्या लागतात आणि एकीनेही भाग जात नाही. ती स्वतःच मूळ आहे.