ब्रिटनमधल्या एका मतदारसंघाचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

2024 च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर (लेबर) पक्षाने 411 जागा घेतल्या, हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्ष 121 वर घसरला. तरीही लेस्टर ईस्ट ही जागा मजूर पक्षाकडून हुजूर पक्षाकडे गेली. अशी देशात ती एकटीच. अंदाज कुठे फसतो ते शिकायला याहून चांगला मतदारसंघ सापडणार नाही.

सर्वात मोठी चूक म्हणजे देशाचा आकडा जसाच्या तसा मतदारसंघावर चिकटवणं. 2019 मध्ये इथे मजूर पक्षाला 50.8 टक्के मतं होती, हुजूर पक्षाला 38.6. पाच वर्षांत देशभरात मजूर पक्ष 1.6 टक्क्यांनी वर गेला, हुजूर पक्ष 19.9 टक्क्यांनी खाली. सरळ बेरीज-वजाबाकी केली तर 52.4 विरुद्ध 18.7, म्हणजे एकतर्फी लढत. प्रत्यक्षात हुजूर पक्ष 31.1, मजूर पक्ष 21.6!

काय झालं? उमेदवारांची यादी वाचली असती तर निम्मं उत्तर तिथेच होतं. मतदारसंघाचे दोन माजी खासदार मैदानात होते: क्लॉडिया वेब अपक्ष, कीथ व्हाझ ‘वन लेस्टर’कडून. दोघेही पूर्वी मजूर पक्षाचे. वेब यांना 5,532, व्हाझ यांना 3,681. हुजूर पक्षाच्या शिवानी राजा 14,526 मतांवर निवडून आल्या, म्हणजे पक्षाच्या 2019 च्या मतांपेक्षा साडेचार हजार कमी पडूनही. मजूर पक्ष 10,100 वर थांबला. ही फुटलेली 9,213 मतं सगळीच्या सगळी मजूर पक्षाची धरू नका, काही घरी बसली असती, काही दुसरीकडे गेली असती. पण बंडखोराचं वजन शून्य धरणं त्याहून महागात पडतं. म्हणून अर्ज भरण्याची मुदत संपून अधिकृत यादी लागेपर्यंत अंदाज पक्का करू नका.

वजाबाकीचं गणित दुसऱ्या टोकालाही मोडतं. पक्षाला जिथे आधीच 12 टक्के होते, तिथे 20 वजा केले की उणे 8 येतात! अशा वेळी गुणोत्तर वापरा: हुजूर पक्ष देशभरात 43.6 वरून 23.7 वर आला, म्हणजे 0.54 पट. बालेकिल्ल्यात दोन्ही उत्तरं काढा आणि त्यांच्यातली दरी बघा. हुजूर पक्षाच्या माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या साउथ वेस्ट नॉरफकमध्ये 2019 च्या 69 टक्क्यांवरून वजाबाकी 49 देते, गुणोत्तर 37. त्या 25 टक्क्यांवर आल्या आणि 630 मतांनी पडल्या. दोन्ही रीती कमी पडल्या, पण गुणोत्तराने निदान धोक्याची घंटा वाजवली असती.

राष्ट्रीय चाचणीतून ‘आपल्या’ मतदारसंघाचे लोक वेगळे काढू नका. 1,000 जणांची चाचणी 650 जागांत वाटली की जागेमागे दीड माणूस येतो. एमआरपी मॉडेल (मोठ्या चाचणीवरून प्रत्येक जागेचा अंदाज काढणारी संख्याशास्त्रीय पद्धत) वय, शिक्षण, मागचं मत यांवरून जागानिहाय आकडा देतं, तो उपयोगी आहे. मात्र मधला आकडा नको, कमाल-किमान पट्टा वाचा. आणि अपक्ष जोरात असेल तिथे त्यावर कमी विसंबा.

2019 चे आकडे घेताना सीमा तपासा. 2024 ची निवडणूक नव्या सीमांवर झाली, त्यामुळे बऱ्याच जागी नव्या हद्दीवर मांडलेले ‘काल्पनिक’ निकालच आधाराला घ्यावे लागतात.

मताधिक्य मोठं म्हणून जागा सुरक्षित, हेही नको. रनकॉर्न अँड हेल्सबीत 14,696 चं मताधिक्य होतं. मे 2025 च्या पोटनिवडणुकीत मजूर पक्ष 6 मतांनी हरला.

सट्टेबाजांचे भाव बघत असाल तर आधी ते शुद्ध करा. 1/2 (दोन लावले तर एक नफा) म्हणजे जिंकण्याची शक्यता 66.7 टक्के, 2/1 म्हणजे 33.3, 5/1 म्हणजे 16.7. बेरीज 116.7. वरचे 16.7 सट्टेबाजाचे. प्रत्येक आकड्याला 1.167 ने भागा, पहिल्याचे 57 उरतात.

आणि मतदान केंद्राबाहेर लोकांना विचारून काही कळलंच, तर रात्री 10 वाजता मतदान संपेपर्यंत ते प्रसिद्ध करू नका. ब्रिटनमध्ये तो गुन्हा आहे.