घाम की गळती? बॉयलरची पहिली हायड्रो टेस्ट

साखर कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलांना मी आधी एक सांगतो: हायड्रो टेस्टच्या, म्हणजे बॉयलर पाण्याने भरून दाब देऊन गळती तपासायच्या दिवशी खिशात कोरडं सुती फडकं ठेवा.

मी ट्रेनी होतो. जुलै महिना, ऑफ सीझन. २१ किलो दाबाच्या (दर चौरस सेंटिमीटरला), बगॅसवर म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरच्या काही बँक ट्यूबा (वरच्या-खालच्या ड्रमना जोडणाऱ्या नळ्या) बदलून त्यांची टोकं ड्रममध्ये एक्सपांडरने फुलवून घट्ट बसवली होती; यालाच रोल करणं म्हणतात. बॉयलर निरीक्षकांनी दीडपट, म्हणजे ३१.५ किलोची टेस्ट सांगितली होती. ते यायच्या आदल्या दिवशी आम्ही आमची घेतली.

पाणी भरताना वरचे एअर व्हेंट उघडे ठेवायचे. फसफस थांबून सलग धार लागली की मगच बंद करायचे. पाणी जवळजवळ दबत नाही, म्हणून कुठे फुटलं तरी दाब लगेच उतरतो. हवा कोंडली तर ती स्प्रिंगसारखी दबून बसते आणि फुटताना सगळा जोर बाहेर टाकते. पंप मारूनही दाबाचा काटा रेंगाळत चढत असेल तर हवा राहिली असं समजा आणि दाब उतरवून पुन्हा व्हेंट करा.

आमचा काटा सरळ चढला. पंप थांबवला, तर दहा मिनिटांत दीड किलो खाली. मी पंपाकडे धावलो.

"हात लावू नकोस रे," आमचे मिस्त्री नाना म्हणाले. "पडू दे. कुठनं पडतोय ते बघायचंय."

ब्लोडाऊनच्या (तळाचं गाळाचं पाणी सोडायच्या) पाइपातून बारीक धार चालली होती. व्हॉल्व्ह पासिंग होता, म्हणजे बंद असूनही पाणी सोडत होता. दाब उतरवून तिथे ब्लँक (वाट बंद करणारी चकती) मारली, पुन्हा चढवला. अर्धा तास थांबलो. पूर्ण दाबावर कुणीही जवळ जायचं नाही. दाब २१ वर आणला आणि मगच टॉर्च घेऊन आत शिरलो.

सगळ्या ट्यूबा ओल्या! मी ओरडलो, "नाना, पंधरा-वीस तरी गळतायत!"

त्यांनी फडकं दिलं. पावसाळी दमट हवा आणि बोअरचं गार पाणी, त्यामुळे लोखंडाला घाम सुटला होता. पुसल्यावर घाम परत येतो तो सगळीकडे, धुक्यासारखा. गळती येते एकाच जागी, मण्यासारखा थेंब धरून. खालच्या ड्रमजवळ एकाच ट्यूबेच्या टोकाशी तो मणी पुन्हा पुन्हा येत होता. फडकं नसतं तर आम्ही वीस ट्यूबा उगाच रोल केल्या असत्या. जास्त रोलिंगने ट्यूबेची भिंत पातळ होते, शेजारचे जॉइंटही सैल पडतात. ती एकच ट्यूब पाणी काढून हलकी रोल केली, आणि पुढच्या वेळी पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवलं, म्हणजे त्याचा गारवा जाऊन घाम सुटत नाही.

टेस्टसाठी सेफ्टी व्हॉल्व्हखालीही ब्लँक मारतात. प्रत्येकीला मी लाल चिंधी बांधतो, आणि काढल्यावर मोजून शिफ्टच्या वहीत लिहितो. एक जरी राहिली, तर अग्निप्रदीपनानंतर वाफ चढेल तेव्हा ती सेफ्टी उडणारच नाही.