दिव्यांचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो? या चुका टाळा

गाडीच्या दिव्यांचा फ्यूज उडाला की नवा बसवायचा आणि पुढे निघायचे, ही बहुतेकांची सवय असते. एखाद्या वेळी ते खपूनही जाते, कारण जुना बल्ब जाताना त्याच्या आत क्षणभर शॉर्ट सर्किट होऊन फ्यूज उडालेला असू शकतो आणि बल्ब बदलला की प्रश्न तिथेच मिटतो. मात्र नवा फ्यूजही उडाला, तर तिसरा बसवण्यापूर्वी थांबले पाहिजे. फ्यूज बल्ब वाचवण्यासाठी नसून वायर वाचवण्यासाठी असतो, आणि पुढच्या बहुतेक चुका हे ध्यानात न घेतल्यामुळेच होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे जास्त अँपिअरचा फ्यूज बसवणे. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात: लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. लाल फ्यूज टिकत नाही म्हणून त्या जागी पिवळा बसवला की तो टिकतो आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या सर्किटची वायर तेवढ्या प्रवाहासाठी निवडलेली नसते. आता फ्यूजऐवजी वायर तापते, तिचे आवरण मऊ होऊन वितळते, तिच्यासोबत एकाच जुडग्यात बांधलेल्या दुसऱ्या वायरीही उघड्या पडतात, आणि हे सगळे डॅशबोर्डच्या मागे, कोणाच्या नजरेस न पडता घडते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चंदेरी कागद खुपसणे हा याच चुकीचा टोकाचा प्रकार आहे, आणि त्यातून गाडी पेटू शकते. रात्री वाटेत अडकल्यावर दुसरा फ्यूज जवळ नसेल, तर रेडिओसारख्या सध्या गरज नसलेल्या सर्किटचा तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज काढून वापरावा. तोही लगेच उडाला, तर गाडी सुरक्षित जागी उभी करावी.

जास्त वॉटचे बल्ब लावल्यानेही हीच वेळ येते. ५५ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर घेतो. तिथे १०० वॉटचा लावला तर तो ८.३ अँपिअर घेतो, आणि दोन्ही बाजू एकाच फ्यूजवर असतील तर हा आकडा दुप्पट होतो. शिवाय मर्यादेपेक्षा थोडाच जास्त प्रवाह असेल तर फ्यूज तत्काळ उडत नाही, काही मिनिटांनी उडतो. त्यामुळे ‘दिवे लावल्यावर बराच वेळ ठीक असतात आणि मग जातात’ अशी तक्रार असेल, तर शॉर्टच्या आधी लोडचा हिशेब करावा.

फ्यूज नेमका केव्हा उडतो याकडे लक्ष न देणे ही चूक छोटी वाटते, पण निदानाचा सर्वाधिक वेळ तिच्यामुळेच वाया जातो. स्विच लावताक्षणी उडत असेल तर वायर थेट बॉडीला टेकली असावी. ब्रेक दाबल्यावरच उडत असेल तर ब्रेकलाइटच्या वायरी आणि होल्डर आधी पाहावेत. खड्ड्यातून जाताना किंवा डिकी उघडताना उडत असेल, तर डिकीच्या झाकणाकडे जाणाऱ्या रबरी नळीतील वायरी तपासाव्यात, कारण वर्षानुवर्षे वाकून वाकून त्यांचे आवरण तिथेच चिरते. पावसानंतरच त्रास होत असेल तर टेललाइटमध्ये पाणी शिरले आहे का ते पाहावे. टोइंगसाठी किंवा जादा दिव्यांसाठी नंतर काढलेले जोड मी नेहमी सुरुवातीलाच उघडून पाहतो.

शॉर्ट शोधण्यासाठी फ्यूजवर फ्यूज जाळण्याची गरज नसते. स्विच बंद करून फ्यूज काढावा, त्या सर्किटचे सगळे बल्ब काढावेत आणि फ्यूजच्या रिकाम्या जागेतील दोन टोकांमध्ये २१ वॉटचा साधा बल्ब जोडून मग स्विच लावावा. बल्ब प्रवाह पावणेदोन अँपिअरच्या आसपास रोखून धरतो, त्यामुळे वायर सुरक्षित राहते. तो पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट वायरमध्ये, होल्डरमध्ये किंवा कनेक्टरमध्ये आहे. मग वायरी एकेक करून हलवाव्यात, कनेक्टर सोडवत जावे. ज्या क्षणी बल्ब विझेल, तिथे दोष आहे. सर्किटचे बल्ब न काढता ही तपासणी करणे चूक आहे, कारण हेडलाइटचा निरोगी बल्बही जोडलेला असला तरी आपला तपासणीचा बल्ब पेटतो आणि नसलेला शॉर्ट दिसू लागतो. दिवे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटमार्फत चालणाऱ्या गाड्यांत मात्र हा उपाय करू नये; तिथे वायरिंगचा नकाशा हाताशी ठेवून काम करणाऱ्या जाणकाराकडेच जावे.

फ्यूज नुसत्या डोळ्यांनी पाहून ‘चांगला आहे’ म्हणू नये. पात्यातील केसाएवढी भेग दिसत नाही. त्याच्या माथ्यावरील दोन्ही उघड्या टोकांवर टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज आहे की नाही ते दाखवणारा छोटा दिवा, लावून पाहावे. सर्किट चालू असताना एका टोकाला वीज असेल आणि दुसऱ्याला नसेल, तर फ्यूज गेला आहे. फ्यूज शाबूत असून त्याची जागा काळवंडली किंवा वितळली असेल, तर तिथली पकड सैल झाली आहे, आणि नवा फ्यूज बसवून ती घट्ट होत नाही.

दोष सापडल्यावर खरचटलेल्या वायरीवर फक्त टेप गुंडाळून सोडू नये, कारण उष्णतेने टेपचा डिंक सुटतो. वायर जिथे पत्र्यावर घासत होती तिथे रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी कडी) किंवा संरक्षक नळी बसवावी आणि वायर क्लिपने बांधावी. मग ठरलेल्या अँपिअरचाच फ्यूज लावून सगळे दिवे पंधरा मिनिटे चालू ठेवावेत, डिकी दोन-चार वेळा उघडून बंद करावी, ब्रेक दाबून पाहावा आणि शेवटी फ्यूजच्या माथ्याला हलकेच बोट लावावे. तो किंचित कोमट असेल तर चालते. बोट ठेववत नसेल, तर पकड सैल आहे की लोड जास्त आहे, हे पुन्हा तपासावे.