होलोग्राफिक ड्युॲलिटी शिकू पाहणाऱ्या खान्देशातल्या मुलामुलींसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बी.एस्सी.च्या मुलांपर्यंत हा विषय बहुतेक वेळा एखाद्या व्हिडिओतून पोचतो. 'आपलं विश्व म्हणजे होलोग्राम आहे' असं त्यात सांगितलेलं असतं. खरं विधान याहून साधं आहे आणि कितीतरी नेमकं आहे. नोव्हेंबर १९९७मध्ये हुआन माल्दासेना यांनी ते मांडलं. एका बाजूला चार मितींमधला एक क्वांटम क्षेत्रसिद्धांत आहे आणि त्यात गुरुत्व अजिबात नाही. दुसऱ्या बाजूला पाच मितींच्या अँटी-डी सिटर (म्हणजे ऋण वक्रतेच्या) अवकाशातली, जोडीला पाच मितींचा एक गोल असलेली, स्ट्रिंग थिअरी आहे. हे दोन वेगळे सिद्धांत नसून एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत, असं ते विधान म्हणतं. यालाच होलोग्राफिक ड्युॲलिटी म्हणतात. त्याची गणिती सिद्धता अजून झालेली नाही. तपासण्या मात्र भरपूर झाल्या आहेत आणि त्यांत ते टिकलं आहे. आपलं विश्व अँटी-डी सिटर नाही, हेही आधीच लक्षात ठेवा. त्याचं प्रसरण वेग घेत चाललं आहे.

मग याचा उपयोग काय? कणांमधली आंतरक्रिया प्रबळ असली की फाइनमन आकृत्यांची मालिका उपयोगी पडत नाही. पहिल्या पदापेक्षा दुसरंच पद मोठं निघतं. अशा वेळी तोच प्रश्न पलीकडच्या बाजूने विचारला तर तिथलं गुरुत्व दुर्बल असतं आणि आइन्स्टाइनच्या साध्या समीकरणांनी उत्तर काढता येतं. त्यासाठी दोन अटी आहेत: क्षेत्रसिद्धांतातल्या रंगांची (म्हणजे क्वार्कांना असतो तशा प्रभाराच्या प्रकारांची) संख्या एन खूप मोठी हवी आणि आंतरक्रियेची प्रबळता सांगणारं टी हूफ्ट कपलिंग लॅम्डाही मोठं हवं. नवख्यांच्या हातून दुसरी अट हमखास सुटते. नुसता एन मोठा असला तर पलीकडे क्वांटम दुरुस्त्या दबतात, पण स्ट्रिंगची लांबी अवकाशाच्या वक्रतात्रिज्येपुढे नगण्य होत नाही. ती नगण्य व्हायला लॅम्डा मोठा लागतो.

तयारीबद्दल बोलायचं तर विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातलं क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स आणि मॅथेमॅटिकल फिजिक्स इथे पूर्ण उपयोगी पडतं. ते परीक्षेपुरतं उरकू नका. कमी पडतात त्या दोन गोष्टी: सामान्य सापेक्षता आणि क्वांटम क्षेत्रसिद्धांत. त्या स्वतः शिकाव्या लागतात. सापेक्षता आधी घ्या, कारण ती हाताने मोजता येते. आठवड्याला दहा तास दिले तर चार-पाच महिन्यांत कृष्णविवरांपर्यंत पोचता येतं. क्षेत्रसिद्धांताला याच्या दुप्पट वेळ धरा. स्ट्रिंग थिअरीपासून मात्र सुरुवात करू नका. पहिल्या वर्षी ती लागत नाही, आणि तिच्यातच अडकून अनेकांचा हुरूप संपतो. साहित्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. या विषयातला जवळजवळ प्रत्येक पेपर अर्काइव्हवर (arxiv.org) फुकट मिळतो, आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमात स्ट्रिंग थिअरी आणि होलोग्राफिक ड्युॲलिटीवरची अख्खी व्याख्यानमाला आहे. गावाकडे लाइटचा आणि नेटचा भरवसा नसेल तर कॉलेजातूनच पीडीएफ उतरवून ठेवा.

आमचा खरा आग्रह एका गोष्टीचा आहे. पेपर वाचायला घेण्याआधी एक गणित पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वहीत करा. ते असं.

अवकाश चार मितींचं घ्या, म्हणजे सीमा तीन मितींची, डी बरोबर ३. मेट्रिक म्हणजे सपाट मेट्रिकला एल वर्ग भागिले झेड वर्ग याने गुणलेलं; एल ही अवकाशाची वक्रतात्रिज्या. सीमा झेड शून्यापाशी आहे. आधी रिची स्केलर काढा. उत्तर उणे १२ भागिले एल वर्ग यायला हवं. अधिक आलं तर चिन्हांचा संकेत मध्येच बदलला आहे, मागे जाऊन शोधा. आता यात एम वस्तुमानाचं स्केलर क्षेत्र ठेवा. सीमेजवळ ते झेडच्या डेल्टा घातासारखं वागतं, आणि डेल्टा गुणिले (डेल्टा उणे डी) बरोबर एम वर्ग गुणिले एल वर्ग हे समीकरण मिळतं. एम वर्ग एल वर्ग उणे २ घ्या. डेल्टा १ आणि २ येतात. वस्तुमानाचा वर्ग ऋण पाहून घाबरू नका. अँटी-डी सिटरमध्ये तो उणे डी वर्ग भागिले ४ पर्यंत, म्हणजे इथे उणे २.२५ पर्यंत, चालतो. त्याखाली गेला तर अवकाश अस्थिर होतं.

उणे २च का घ्यायचं? कारण क्षेत्र म्हणजे झेड गुणिले कोणतं तरी नवं फलन असं लिहिलं की सगळी अवघड पदं कटतात आणि उरतं एवढंच: नव्या फलनाचा द्वितीय अवकलज बरोबर के वर्ग गुणिले तेच फलन (के म्हणजे सीमेच्या दिशेतला तरंगांक). बेसल फलनांचा तक्ता उघडावाच लागत नाही. खोल आत वाढत जाणारं उत्तर सोडून द्या. क्षेत्र म्हणजे झेड गुणिले ई चा उणे केझेड घात. त्याचा विस्तार झेड उणे के झेड वर्ग असा सुरू होतो. झेडचा सहगुणक हा सीमेवरचा स्रोत, झेड वर्गाचा सहगुणक हा प्रतिसाद, आणि दोन्हींचं गुणोत्तर उणे के. हा झाला डेल्टा २ असलेल्या ऑपरेटरचा द्विबिंदू सहसंबंध, फक्त बाहेरचा स्थिरांक सोडून. आता गुरुत्व बाजूला ठेवा. अंतराच्या चौथ्या घाताचा व्यस्त घ्या आणि तीन मितींत त्याचं फूरिए रूपांतर करा. उणे पाय वर्ग के येतं. दोन्ही बाजूंना तोच के. कॉन्फॉर्मल सममितीने जे ठरवलं होतं तेच गुरुत्वाने दिलं. एवढं एक पान ज्याने स्वतः लिहिलं, त्याला या ड्युॲलिटीचं पहिलं कोडं हाताने उलगडून पाहिल्याचं समाधान मिळतं, आणि पुढचे पेपर परके वाटत नाहीत.

पुढची पायरी तापमानाची. सीमेवरचं तापमान म्हणजे आतलं कृष्णविवर. काळ काल्पनिक करून क्षितिजापाशी शंकूचं टोक राहू नये अशी अट घाला. तापमान डी भागिले (४ पाय गुणिले क्षितिजाचा झेड) येतं. डी ४ असताना क्षितिजाच्या क्षेत्रफळावरून एन्ट्रॉपीची घनता काढा: पाय वर्ग भागिले २, गुणिले एन वर्ग, गुणिले तापमानाचा घन. आंतरक्रिया शून्य धरून तीच मोजली तर पाय वर्ग भागिले २ च्या जागी २ पाय वर्ग भागिले ३ येतं. दोन्हींचं गुणोत्तर तीन चतुर्थांश. हे गुणोत्तर १ नाही म्हणून गणित चुकलं असं समजू नका. एक आकडा प्रबळ आंतरक्रियेचा आहे, दुसरा आंतरक्रिया नसतानाचा. तो कपलिंगबरोबर बदलणारच. याच कृष्णविवरावरून श्यानता आणि एन्ट्रॉपी यांचं गुणोत्तर १ भागिले ४ पाय निघतं, आणि क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मावर काम करणाऱ्यांनी या विषयाकडे वळून पाहिलं ते मुख्यतः त्यामुळे. मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या) शिराझ मिनवाला आणि सहकाऱ्यांचं २००७-०८मधलं काम याच्याही पुढे जातं: आइन्स्टाइनच्या समीकरणांतून द्रवगतिकीची समीकरणं पायरीपायरीने काढता येतात. आपल्याकडून रात्रीच्या गाडीने पोचता येतं अशा संस्थेत हे झालेलं आहे.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी होलोग्राफिक सुपरकंडक्टर उत्तम. हार्टनॉल, हर्झोग आणि होरोविट्झ यांचं २००८चं मॉडेल घ्या, त्यातही एम वर्ग एल वर्ग उणे २च आहे. साधा लॅपटॉप आणि पायथन पुरतं. तीन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, गणन क्षितिजावरच सुरू केलं तर शून्याने भागाकार होतो. क्षितिजापासून एक हजारांश अंतरावर सुरू करा आणि तिथली किंमत मालिकाविस्ताराने द्या. दुसरं, सायपायच्या सॉल्व्ह-आयव्हीपीची मूळची सापेक्ष अचूकता एक हजारांशच असते, ती १० चा उणे १० घात करा. तिसरं, विद्युतविभव क्षितिजावर शून्य ठेवायला विसरतात, मग उत्तर काहीही येतं. सगळं जुळलं तर संक्रमणाचं तापमान प्रभार घनतेच्या वर्गमुळाच्या ०.११८ पट येतं. झेड वर्गाऐवजी झेडचा सहगुणक कंडेन्सेट मानला तर ०.२२६ पट. हे दोन आकडे येईपर्यंत नवीन काही जोडू नका.

प्रवेशाचं थोडक्यात. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा जॅम: तीन तास, १०० गुण, ६० प्रश्न, त्यातले २० आकडी उत्तराचे. या वीसांना उणे गुण नाहीत, म्हणून एकही सोडू नका. पीएच.डी. आणि इंटिग्रेटेड पीएच.डी.साठी जेस्ट ही परीक्षा. बंगळुरूचं आयसीटीएस, प्रयागराजची हरीश-चंद्र संस्था, चेन्नईची आयएमएससी, पुण्याचं आयसर, टीआयएफआर, या ठिकाणी या विषयाचे गट आहेत. जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करतानाची फेलोशिप, २०२३पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००. पुढे कायमच्या जागा थोड्या आहेत आणि त्याआधी दोन-तीन पोस्टडॉक करावे लागतात. घरी हे आधीच स्पष्ट सांगा. शेतीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराला दहा वर्षांचा अंदाज हवा असतो.

तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षापासूनच तयारी करा. अर्जाची शेवटची तारीख आधीच पाहून ठेवा. शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, म्हणून ते वेळेत मागा. प्राध्यापकांना थेट मेल करायचा तर इंग्रजी साधं असलं तरी चालतं. 'मला स्ट्रिंग थिअरीची आवड आहे' या वाक्याने मात्र काही होत नाही, असे मेल त्यांना रोज येतात. तीन ओळींत कुठे शिकता ते लिहा, त्यांच्या कोणत्या पेपरमधलं कोणतं समीकरण कुठे अडलं ते लिहा, आणि वर सांगितलेल्या गणिताचं वहीतलं पान स्वच्छ स्कॅन करून जोडा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, आणि मग दुसऱ्या गटाला लिहा.